परत ठेवायचा दगड

शितोळे आप्पा रानात कधी ओरडले नाहीत. हे सांगितलं की बाकीचे मोजणीवाले हसतात, त्यांचा विश्वास बसत नाही. चारशे-पाचशे फुटांवर झेंडी धरून उभ्या असलेल्या माणसाला डावीकडं सरक, उजवीकडं सरक असं सांगायचं म्हणजे घसा फोडून घ्यावाच लागतो. आम्ही सगळे ओरडतो. मी तर इतकी ओरडते की एका म्हातारीनं मला विचारलं होतं, "बाई, घरी बी असंच का?" आप्पा मात्र हातांनी बोलायचे. डावा हात आडवा काढला की डावीकडं, उजवा काढला की उजवीकडं. हात हळू हलला तर वीतभर, जोरात हलला तर चांगलं हातभर. आणि झेंडी नेमक्या जागी आली की दोन्ही हात डोक्यावर न्यायचे आणि सरळ खाली आणायचे. म्हणजे बरोबर आहे, इथंच रोव.

ही खूण आली की लांब उभ्या असलेल्या माणसाला इतकं बरं वाटायचं. शाळेत गणित बरोबर आल्यावर वाटतं तसं. मी बारा वर्षं ती खूण बघितली.

मी शिरूरच्या मोजणी ऑफिसात लागले तेव्हा आप्पांची तिथं पंचवीस वर्षं झाली होती. माणूस दौंडकडचा, भांडगावचा. रोज चौफुला, न्हावरं करत मोटरसायकलवर यायचे आणि साडेनऊच्या आत खुर्चीवर असायचे. बुटके, सावळे, शर्टाच्या खिशात चाकूनं टोक केलेली शिसपेन्सिल. चालताना ओठ हलायचे. मला आधी वाटलं देवाचं नाव घेतात. मग कळलं, पावलं मोजतात. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं आणि ते कधी चुकत नाही असं त्यांचं म्हणणं. ऑफिसपासून चहाच्या टपरीपर्यंत एकशे बारा पावलं. एकदा एकशे नऊच भरली तर माघारी जाऊन पुन्हा चालत आले. पुन्हा एकशे नऊ. टपरीवाल्याला म्हणाले, "टपरी म्होरं घेतलीस व्हय रं?" त्यानं खरंच घेतली होती, गटाराच्या कामासाठी. त्याच्या स्वतःच्या बायकोच्या लक्षात आलं नव्हतं.

माझी पहिली मोजणी शिक्रापूरला होती. हायवेच्या कडेला एकानं कामगारांना भाड्यानं द्यायच्या खोल्या बांधल्या होत्या आणि शेजाऱ्याचं म्हणणं, त्यातल्या दोन खोल्या आमच्या जागेत आहेत. दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं जमलेली. मी फाइल काखेत घेऊन उभी, आणि सगळे माझ्या डोक्यावरून रस्त्याकडं बघतायत. एकजण मला म्हणाला, "ताई, साहेब कवा येणार?" माझा स्वभाव तापट आहे, हे दोन तालुक्यांत कुणीही सांगेल, पण त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द फुटेना. आप्पा माझ्यासोबत आले होते, मला शिकवायला. त्यांनी खाली वाकून फितीचं टोक उचललं, उकिडवे बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब ह्या हायत. मी फीत धरणार हाय. बोला मॅडम, कुठनं सुरू करायचं?"

पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस त्या दिवशी ट्रकच्या धुरळ्यात संध्याकाळपर्यंत फितीचं टोक धरून बसला. परत येताना मी विचारलं, आप्पा, असं का केलंत? ते म्हणाले, "अगं वैशाले, फीत कुणीतरी धरायलाच पायजे की." एवढंच. चारचौघांत ते मला मॅडम म्हणायचे आणि एरवी वैशाले. यात त्यांनी कधी गफलत केली नाही.

त्यांची काम करायची एक रीत होती. भांडणारे जे दोघं असतील, भाऊ-भाऊ, चुलते-पुतणे, त्यांच्याच हातात ते फितीची दोन टोकं द्यायचे. आमच्या शिपायांना बसवून ठेवायचे. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेली माणसं फीत ताणून समोरासमोर उभी राहायची. आप्पा म्हणायचे, "ताण फितीला द्या, भावाला देऊ नका." दुपारपर्यंत ती माणसं एकमेकांशी बोलायला लागायची, निदान 'जरा ढिली सोड' इतकं तरी. आणि ज्यानं स्वतःच्या हातानं मोजलं, तो नंतर मोजणी खोटी आहे असं सहसा म्हणत नाही, हा त्यांचा हिशेब.

चहाचंही तसंच. मोजणी चालू असताना ते कुणाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. भाकरी बरोबर, बाटली बरोबर, आणि जेवायला बसायचं ते भांडणाच्या बांधावरच. हद्दीचा दगड रोवून झाला की मात्र दोन्ही घरी चहा. आणि त्यात आधी ज्याची जमीन कमी भरली त्याच्या घरी. मी एकदा म्हटलं, आप्पा, तुम्हाला शुगर आहे, एका घरी प्या आणि दुसऱ्याकडं नुसतं बसा. तर म्हणाले, "ज्याचं गेलं त्याच्या दारातनं तसंच उठून कसं चालंल? आन् ज्याचं आलं त्याला बी वाटंल, म्या काय पाप केलं." दोन्हीकडं बशी भरून चहा व्हायचा. त्यांची बायको मला फोन करून विचारायची, आज मोजणी होती का, शुगर वाढलीय.

आता डोंगराचं. आमचा मुलूख सपाट. भीमेच्या काठानं ऊस आणि ऊस संपला की माळ. आप्पा म्हणायचे, "आपल्याकडं डोंगर म्हंजी कारखान्याम्होरचा चिपाडाचा ढीग." यवतजवळचा भुलेश्वर ते धरायचे नाहीत, कारण तिथं जीप वरपर्यंत जाते. त्यांना कळसूबाईवर जायचं होतं. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच डोंगर, आणि तोही पायी.

ट्रेकला जाणाऱ्या पोरांसारखं फोटोबिटोचं वेड त्यांना नव्हतं. कारण वेगळंच होतं. ऑफिसातले जुने नकाशे ते जीर्ण कापड हाताळावं तसे उघडायचे आणि मला समजावायचे. बांधावरचा दगड गावाच्या शिवेच्या दगडावरून बसवलेला, शिवेचा दगड त्याच्याहून मोठ्या खुणेवरून, आणि असं वर वर जात गेलं की सगळ्या मोजणीचं मूळ कुठल्यातरी डोंगराच्या माथ्यावर निघतं. पूर्वीच्या माणसांनी एका माथ्यावरून दुसरा माथा बघून सगळा देश मोजला. "आपण सगळी त्या वरच्या दगडाची पोरं," आप्पा म्हणायचे. "ज्याच्या जिवावर जलमभर भाकरी खाल्ली, त्याच्या दारात एकदा जाऊन यावं. दुसरं काय न्हाई."

तीनदा ठरलं आणि तीनदा मोडलं. एकदा ऊसतोड आली, एकदा मुलीचं बाळंतपण, एकदा निवडणुकीची ड्यूटी. चौथ्यांदा ठरलं तेव्हा त्यांच्या रिटायरमेंटला सहा महिने उरले होते आणि गुडघे कुरकुरायला लागले होते. या वेळी मी हट्टाला पेटले. म्हटलं, काहीही होवो, डिसेंबरातला दुसरा शनिवार आणि त्याला जोडून रविवार. ऑफिसातल्या घोडकेची गाडी, मी, आप्पा आणि अजून दोघं. शनिवारी पायथ्याच्या गावात मुक्काम, रविवारी उजाडायला चढायला सुरुवात. आप्पांनी दौंडच्या बाजारातून नवे बूट आणले. आठ दिवस आधीपासून ते घालून उसाच्या पाटावरून फिरत होते, चावू नयेत म्हणून.

पण निमोण्याचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

निमोण्यात हिराबाई म्हणून एक बाई आहे. नवरा लवकर गेला, दोन मुली उजवल्या, एकटी शेती करते. तिच्या आणि धाकट्या दिराच्या, शहाजीच्या, जमिनीत बांधाचं भांडण होतं. सात-आठ वर्षांपूर्वी आप्पांनी ती मोजणी केली. त्या दिवशी हिराबाई मुलीकडं गेली होती. दीर म्हणाला, वहिनी काय करणार येऊन, आम्ही आहोत की. गावातल्या चार जाणत्या माणसांनी कोपऱ्यावरचा जुना दगड दाखवला. आप्पांचा एक शब्द ठरलेला होता: "दगडाला इच्यारा, माणसाला न्हाई." त्यांनी दगडाला विचारलं. त्या दगडावरून मोजलं, खुणा रोवल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदाच फितीचं एक टोक समोरच्या पार्टीऐवजी आमच्या शिपायानं धरलं.

पुढं चार वर्षांनी आमच्याकडं नवीन मशीन आलं. काठीवर तबकडी बसवलेली, ती उपग्रहाला विचारून जागा सांगते. आप्पा म्हणायचे, "हे आभाळाला इच्यारतं." त्या मशीननं निमोण्यातला शेजारचा गट मोजताना आप्पांच्या लक्षात आलं की तो कोपऱ्यावरचा दगडच जागेवर नाही. कधीतरी पाइपलाइनचा चर खणताना कुणीतरी उपटला असणार आणि काम झाल्यावर अंदाजानं परत पुरला असणार. सहा फूट सरकला होता. दगड सरकवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेलही. पण त्या सहा फुटांच्या पट्टीत हिराबाईची विहिरीवर जायची वाट होती.

हे फक्त आप्पांना माहीत होतं. त्यांनी तोंड मिटून ठेवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. ते दुसऱ्या दिवशी हिराबाईच्या ओसरीवर गेले. मी सोबत होते. ती शेंगा फोडत होती. आप्पा उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, माझं चुकलंय. तुमची वाट माझ्या हातनं गेली."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. रागावली नाही, रडली नाही. म्हणाली, "आता वो?"

"आता दुरुस्ती. म्या लिहून देतो. येळ लागंल."

त्यांनी खरंच स्वतःच्या चुकीचं पत्र स्वतःच्या हातानं लिहून वर पाठवलं. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, आप्पा, रिटायरमेंटच्या तोंडावर हे कशाला अंगावर घेता? त्या दिवसापासून त्यांचा तो ठरलेला शब्द बदलला. "दगडाला इच्यारा, माणसाला न्हाई. आन् दगडाला बी दोनदा इच्यारा."

दीर अर्थातच विरोधात गेला. सुनावणी लागली, तारखा पडायला लागल्या. मधल्या काळात त्यानं सगळीकडं सांगायला सुरुवात केली की मी आता बांधावर भिंतच घालतो, मग बघू कोण वाट काढतंय. भिंत झाली असती तर हिराबाईला स्वतःच्या विहिरीचं पाणी दुसऱ्याच्या दारात मागावं लागलं असतं. आप्पांनी तिला आपला नंबर कागदावर मोठ्या आकड्यात लिहून दिला. म्हणाले, "पाया खणायला लागले की फोन करायचा. म्या कुठं बी आसंन, येतो."

तो फोन त्या शनिवारी आला.

पहाटे पाचला चौफुल्यावरून निघालो होतो. आप्पा पुढच्या सीटवर, पायात नवे बूट, मांडीवर भाकरीचं गाठोडं. पारगावचा पूल ओलांडला, न्हावरं मागं पडलं आणि त्यांच्या खिशात फोन वाजला. ते ऐकत होते, मधून मधून 'बरं' म्हणत होते. फोन ठेवला आणि घोडकेला म्हणाले, "निमोण्याच्या फाट्याला जरा थांबव."

शहाजीनं मुद्दाम सुट्टीचे दिवस धरले होते. शनिवार-रविवारी ऑफिसं बंद, कुणी येणार नाही, सोमवारी भिंत उभी. शिक्रापूरहून मजूर आणले होते. मी म्हटलं, आप्पा, तुम्ही पोलीसपाटलाला फोन करा, मी वर फोन करते, तुमचं तिथं काय काम? तुमच्या हातात आज ना आदेश ना काही. घोडकेही तेच म्हणाला. आप्पा म्हणाले, "माझ्या हातात काय न्हाई ते मला म्हाईत हाय. पर त्या बाईला म्या येतो म्हणलोय."

"मग आम्हीपण थांबतो."

"तुमी जायाचं. मी आवरून दुपारची यष्टी धरतो. सांच्याला पायथ्याला तुमच्यात. निघा."

ते उतरले. भाकरीचं गाठोडं सीटवरच राहिलं होतं, ते मी खिडकीतून दिलं. गाडी सुटली तेव्हा मागं वळून बघितलं. फाट्यावरच्या कच्च्या वाटेनं ते निघाले होते आणि ओठ हलत होते.

आम्ही पायथ्याला पोचलो. संध्याकाळी शेवटची एसटी आली तेव्हा मी थांब्यावर जाऊन उभी राहिले. दोन म्हाताऱ्या उतरल्या आणि एक शाळामास्तर. मी फोन लावला. आप्पा म्हणाले, "अगं, म्या चरात बसलोय."

खरंच ते पायाच्या चरात बसले होते. मजूर बिहारकडचे, त्यांना भाषा येत नव्हती, ते यांना "चाचा, उठिए ना" म्हणत होते आणि आप्पा त्यांना आपली भाकरी देत होते. शहाजीनं शिव्या दिल्या, हात मात्र लावला नाही, सरकारी माणूस म्हणून. पोलीसपाटील येऊन गेला आणि सोमवारी बघू म्हणाला. "म्या उठलो की हे खडी टाकणार," आप्पा म्हणाले. "हिराबाईनं घोंगडं दिलंय. तुमी सकाळी चढा. वर जाऊन नीट बघा आन् मला येऊन सांगा. आन् आपली बाजू कुठं दिसती का बघ."

आम्ही चढलो. मी चढले, हे मी कबूल केलं पाहिजे. परत फिरता आलं असतं, गाडी होती, कुणी अडवलं नव्हतं. पण इतक्या लांब आलोय, पैसे भरलेत, सगळे काय म्हणतील, असं करत मी चढले. शेवटच्या शिड्या चढून माथ्यावर गेलो तर सगळीकडं धुकं. देवळाच्या पलीकडं दहा फुटांवर काही दिसत नव्हतं. तासभर थांबलो. घोडकेनं फोटो काढले, त्यात आम्ही चौघं आणि मागं पांढरं. उतरायच्या आधी मला वाईट वाटलं आणि मी एक दगड उचलला. मुठीएवढा, काळा, एका बाजूनं चपटा. आप्पांना द्यायला.

सोमवारी दुपारी ते सरळ निमोण्याहूनच ऑफिसला आले. भिंत थांबली होती. वरून तात्पुरती मनाई मिळाली होती आणि मजूर परत गेले होते. नव्या बुटांना काळी माती लागली होती. चेहरा दोन दिवसांत ओढल्यासारखा झालेला. मी दगड त्यांच्या टेबलावर ठेवला.

"कुठला ह्यो?"

"वरचा, आप्पा. तुमच्यासाठी आणला."

त्यांनी हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला.

"आपली बाजू दिसली?"

मला त्या ओढलेल्या चेहऱ्याकडं बघून धुकं म्हणवलं नाही. म्हटलं, "दिसली की. पार लांबपर्यंत."

"कुठल्या अंगाला?"

"पूर्वेला."

आप्पा हसले. "पूर्वेला संगमनेर हाय, वैशाले."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. बारा वर्षं दिशा शिकवलेल्या माणसाला मी हे सांगत होते. त्यांनी दगडाकडं बोट केलं. "आन् ह्यो नेमका कुठनं उचललास?"

"असाच. देवळाच्या मागनं कुठूनतरी."

आता मात्र त्यांचं हसू गेलं. "अगं, तिथनं दगड उचलायचा न्हाई. आपल्यासारख्यांनी तर न्हाईच न्हाई." मग आवाज खाली आला. "परत ठेवायचा. आपण दोघं जाऊ. तू जागा दावायची."

त्यांनी तो दगड जुन्या नकाशाच्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळला आणि वर कागद चिकटवला. शिसपेन्सिलीनं, ऑफिसच्या भाषेत: 'कळसूबाई. मूळ जागी परत ठेवणे.' तो त्यांच्या टेबलावर राहिला. येणारे-जाणारे विचारायचे आणि आप्पा म्हणायचे, "पेंडिंग हाय."

फेब्रुवारीत जायचं ठरवलं, तर ऑफिसात कामाचा डोंगर. मार्चमध्ये रानात मोजणी चालू असताना त्यांच्या छातीत दुखलं. पुण्याला नेलं, दोन स्टेंट बसवले. डॉक्टर म्हणाले, जिना एका मजल्यापेक्षा जास्त चढायचा नाही. मी भेटायला गेले तर मला म्हणाले, "एका मजल्याचा डोंगर बघ कुठं घावतो का." मी हसले आणि बाहेर व्हरांड्यात येऊन रडले.

मे महिन्यात ते रिटायर झाले. चार्ज माझ्याकडं द्यायचा होता. यादी त्यांनी स्वतः लिहिली. फीत, झेंड्या, पट्ट्या, नकाशांचे गठ्ठे, कपाटाच्या किल्ल्या. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, 'दगड, एक.' मी सगळ्याखाली सही केली.

त्याला आता तीन वर्षं होतील. पहिल्या वर्षी मुलाची दहावी होती. दुसऱ्या वर्षी सासऱ्यांचं आजारपण. मधले कितीतरी शनिवार-रविवार रिकामे गेले, तेही खरं आहे. कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात तो दगड होता आणि मी रोज त्याच कप्प्यातून फीत काढत होते.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात निमोण्याचा निकाल लागला. दुरुस्तीची मोजणी माझ्याकडंच आली. आप्पा मुलाच्या मोटरसायकलवर मागं बसून आले आणि लिंबाखाली बसले. मी फितीचं एक टोक शहाजीच्या हातात दिलं आणि दुसरं हिराबाईच्या. दगड सहा फूट मागं गेला, जिथं होता तिथं. मी वर बघितलं. लिंबाखालून आप्पांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि खाली आणले. चहा आम्ही आधी शहाजीकडं घेतला. तो नाइलाजानं का होईना, आप्पांना म्हणाला, "बिनसाखरेचा सांगितलाय."

शेवटची भेट गेल्या जानेवारीतली. भांडगावात हायवेला लागून त्यांचं घर आहे. मी दौंडला कामाला गेले होते, परतताना वाट वाकडी केली. ते अंगणात खुर्चीवर बसले होते. निम्मे झाले होते. पाय सुजलेले, म्हणून पायात मुलाच्या ढगळ चपला. घरापासून फाटकापर्यंत तेवीस पावलं होती, ती आता एकतीस भरतात, असं त्यांनीच सांगितलं. पाऊल लहान झालं होतं.

इकडचं तिकडचं बोललो. मी उठायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं.

"दगड ठेवलास का गं?"

मी काय सांगायला हवं होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. नाही ठेवला आप्पा, पुढच्या आठवड्यात जाते. एवढंच सांगायचं होतं. पण त्यांनी असं बघितलं की मी म्हणाले, "हो आप्पा. दिवाळीनंतर जाऊन आले."

"एकटीच?"

"एकटीच."

"आपली बाजू बघितलीस?"

या वेळी मी चुकले नाही. ऑफिसात एका रिकाम्या दुपारी मी नकाशावर ती रेघ मारून बघितली होती, माथ्यापासून भांडगावपर्यंत. म्हटलं, "बघितली. आग्नेय, पण दक्षिणेला झुकून. एकशे पंचावन्न अंश. दिसत काही नाही आप्पा, फार लांब आहे. पण त्या बाजूला तोंड करून उभी राहिले होते."

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली. "आता बरोबर सांगितलंस," ते म्हणाले. "मागच्या बारीला तू मला फसवत होतीस."

मी पायाला हात लावला आणि निघाले. गाडी लावली होती तिथून फाटक बरंच लांब होतं. गाडी सुरू करून मागं बघितलं तर ते चालत फाटकापर्यंत आले होते, एकतीस पावलं. ओरडले नाहीत. दोन्ही हात हळूहळू डोक्यावर नेले, तिथं जरा थांबले आणि सरळ खाली आणले.

मीही हात वर केला. अकरा दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला.